ऑर्चर्ड स्ट्रीटवरची आतली खिडकी

पाऊलवाट

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा आमच्याकडे जर्सीला आले होते. न्यूयॉर्कमध्ये काय बघायचंय म्हणून विचारलं, तर बाबा म्हणाले, "पुतळा आणि उंच इमारती सगळेच दाखवतात. इथली हातावर पोट असलेली माणसं पूर्वी कुठे राहायची ते दाखव." बाबांचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं, त्यामुळे त्यांनी हे विचारावं याचं मला नवल वाटलं नाही.

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट ही विटांची पाच मजली इमारत आहे. लुकास ग्लॉकनर नावाच्या जर्मन शिंप्याने ती १८६३ मध्ये बिऱ्हाडं भाड्याने द्यायला म्हणून बांधली. १९३५ मध्ये मालकाने भाडेकरू काढून वरचे मजले बंद केले. तोपर्यंत सुमारे ७,००० माणसं या एका इमारतीत राहून गेली होती. आता तिथे टेनेमेंट म्युझियम आहे. टेनेमेंट म्हणजे आपल्या भाषेत चाळ म्हणायला हरकत नाही, पण एक मोठा फरक आहे. चाळीला लांबच्या लांब उघडी गॅलरी असते, प्रत्येक दार उजेडात उघडतं. इथे दारं उघडतात ती मधल्या अंधाऱ्या बोळात. म्युझियमवाले तो बोळ मुद्दाम अंधारा ठेवतात. जिन्याचा कठडा चाचपत चढावं लागतं.

एका मजल्यावर चार बिऱ्हाडं. प्रत्येक बिऱ्हाड जेमतेम ३२५ चौरस फुटांचं: बाहेरची खोली, मध्ये स्वयंपाकघर, त्याच्या आत झोपायची खोली. बाहेर उघडणाऱ्या खिडक्या फक्त पहिल्या खोलीला. गाईड पुढे बोलत होती आणि बाबा स्वयंपाकघरात भिंतीशी थांबले होते. दोन खोल्यांमधल्या भिंतीत चौकट, काचा, सगळं असलेली खिडकी होती. मला हळूच म्हणाले, "ही उघडते कुठे?" मी म्हटलं, "बाहेरच्या खोलीत." "म्हणजे घराची खिडकी घरातच?"

घरी आल्यावरही ती खिडकी डोक्यातून जाईना. महिनाभर वाचत बसले, त्यातलं थोडं इथे लिहिते.

१८८० ते १८९० या एका दशकात अमेरिकेत ५२ लाखांहून जास्त माणसं बाहेरून आली. आधीच्या पिढीत आयरिश आणि जर्मन जास्त होते; आता दक्षिण इटलीतले शेतमजूर, १८८१ नंतरच्या दंगलींमुळे रशियातून निघालेले ज्यू, पोल, झेक, हंगेरियन येऊ लागले. शिडाच्या जहाजाला महिना-दीड महिना लागायचा, ते अंतर आगबोट दहा-पंधरा दिवसांत कापू लागली होती. १८५५ पासून ही माणसं मॅनहॅटनच्या टोकाला कॅसल गार्डनमध्ये उतरायची. १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंड या बेटावरचं नवं नोंदणी केंद्र सुरू झालं आणि पहिलं नाव नोंदवलं गेलं ते आयर्लंडच्या ॲनी मूर या मुलीचं.

उतरल्यावर काम लागायचं ते गोदीत, बांधकामावर नाहीतर कपडे शिवायच्या धंद्यात, आणि ते सगळं तिथेच आसपास. रोजच्या मजुरीतून गाडीभाडं परवडायचं नाही, म्हणून कामापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच बिऱ्हाड करायचं. त्यात मॅनहॅटन हे बेट. जमीन २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब अशा पट्ट्यांत कापलेली. मालक त्या पट्टीचा जवळजवळ सगळा भाग बांधून काढायचा, दोन्ही बाजूंना शेजारच्या इमारती खेटून उभ्या. मग मधल्या खोल्यांना उजेड येणार कुठून? १८९० च्या सुमाराला इथल्या दहाव्या वॉर्डात दर चौरस मैलाला तीन लाखांहून जास्त वस्ती होती.

कायदे झाले, पण कसे ते बघा. १८६७ च्या कायद्याने दर २० माणसांमागे एक संडास आणि आगीतून उतरायला बाहेरून जिना, एवढं मागितलं. १८७९ च्या कायद्याने सांगितलं की प्रत्येक खोलीला बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी हवी. मालकांनी त्यावर वाट काढली. इमारत मध्यभागी थोडी चिमटली, डंबेलच्या आकाराची केली, आणि शेजारच्या इमारतीबरोबर मिळून मध्ये अरुंद उभी पोकळी सोडली. झाली खिडकी! त्या पोकळीत वरून कचरा पडायचा, खालच्या मजल्यांपर्यंत उजेड पोचायचा नाही, वास आणि आवाज मात्र सगळ्या घरांत जायचा. आग लागली की तीच पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर ओढायची. अशा हजारो इमारती पुढच्या वीस वर्षांत उभ्या राहिल्या, सगळ्या कायद्यात बसणाऱ्या.

१९०० मध्ये लॉरेन्स व्हेलर या कार्यकर्त्याने शहरात एक प्रदर्शन भरवलं. त्यात खऱ्याखुऱ्या एका ब्लॉकचं, म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेल्या इमारतींच्या चौकोनाचं, पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. ३९ इमारती, ६०५ बिऱ्हाडं, २,७८१ माणसं, २६४ संडास. गरम पाणी ४० बिऱ्हाडांत. न्हाणीघर एकही नाही. लोकांनी ते मॉडेल पाहिलं आणि १९०१ चा कायदा झाला. नव्या इमारतींना मोकळा चौक आणि प्रत्येक बिऱ्हाडाला आपला संडास सक्तीचा झाला. जुन्या इमारतींचं काय? तिथे आतल्या खोलीच्या भिंतीला, उजेडाच्या खोलीच्या बाजूने, खिडकी पाडायची. बाबा ज्या खिडकीशी थांबले होते ती ही.

मला यातून एकच म्हणायचंय. या माणसांना त्या काळी गलिच्छ, रोगट, राहायची रीत नसलेली असं सर्रास म्हटलं जायचं. तो अंधार त्यांनी बोटीतून आणला नव्हता. जमिनीचा भाव, भाड्याचा हिशोब आणि अर्धवट कायदा यांनी तो इथेच तयार केला होता.

रोहिणी_नक्षत्र

पाऊलवाट, फार मनापासून लिहिलंय. वाचताना आनंदीबाई जोशी डोळ्यांसमोर आल्या. त्या न्यूयॉर्कला उतरल्या जून १८८३ च्या सुरुवातीला. ब्रुकलिनचा पूल खुला झाला २४ मे १८८३ ला. म्हणजे त्या आल्या तेव्हा तो पूल जेमतेम दोन आठवड्यांचा होता, आणि ३० मे रोजी त्याच्यावर चेंगराचेंगरी होऊन १२ माणसं गेली होती. सगळ्या शहरात तेव्हा हीच चर्चा असणार! स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अजून तीन वर्षांनी, १८८६ मध्ये उभा राहायचा होता.

आनंदीबाई शिकल्या फिलाडेल्फियात. ते शहरही तेवढंच भरत होतं, १८९० मध्ये दहा लाखांच्या वर गेलं. पण तिथे डंबेल इमारतींचं पीक आलं नाही. एकाला एक लागून दोन-तीन मजली छोटी घरं, एका घरात एक कुटुंब, अशी तिथली रीत. पसरायला जमीन होती आणि कामगारांच्या बचत-कर्ज मंडळ्यांमुळे घर विकत घेणं शक्य व्हायचं. लोक त्याला घरांचं शहर म्हणायचे. गरिबी तिथेही होती, गल्लीबोळांत दाटीही होती. तरी त्याच देशांतून आलेली माणसं दोन शहरांत इतकी वेगळी राहिली, यावरून तुमचा शेवटचा मुद्दा पटतो.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या, पुढे अमेरिकाभर हिंडल्या आणि १८८९ मध्ये त्या देशाच्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा.

जुनी_वही

वाचतेय. एक प्रश्न, बाळबोध असेल तर माफ करा. १८६२ च्या कायद्याने अमेरिकेत १६० एकर जमीन फुकट मिळत होती ना? मग ही शेतकरी माणसं शहरात का कोंबली गेली?

पाऊलवाट

जुनी_वही, प्रश्न अगदी योग्य आहे, मलाही हाच पडला होता.

जमीन फुकट होती, पण शेती फुकट नव्हती. तिथपर्यंतचं रेल्वेभाडं, बैल, नांगर, बियाणं, घराला लाकूड, आणि पहिलं पीक हाती येईपर्यंत वर्षभराचं पोटाला. ज्याने गावातली भांडीकुंडी विकून बोटीचं तिकीट काढलं, त्याच्याकडे हे कुठून असणार? जर्मन आणि स्कँडिनेव्हियन लोकांपैकी जे थोडा पैसा गाठीला बांधून आले ते विस्कॉन्सिन, मिनेसोटाकडे शेतीवर गेलेच. इटलीहून येणाऱ्यांत एकटे पुरुष खूप होते. चार पैसे साठवून परत जायचं हा त्यांचा बेत, आणि त्यातले पुष्कळ खरोखर परत गेले. त्यांना जमीन अडकवायची नव्हती, रोख मजुरी हवी होती. गावचाच एखादा मुकादम, त्याला ते पाद्रोने म्हणत, काम लावून द्यायचा आणि मजुरीतून आपला वाटा कापून घ्यायचा. आणि आधी आलेला भाऊ जिथे राहतो, तिथेच पुढचा उतरणार. पत्र यायचं, त्यात कधी तिकीटही असायचं.

अजून एक गोष्ट राहून जाते. शहरं फक्त परदेशी लोकांनी भरली नाहीत. अमेरिकेतल्याच खेड्यांतली पोरंपोरी शेती सोडून शहराकडे निघाली होती. यंत्रं आली तशी शेतात हात कमी लागायला लागले, धान्याचे भाव पडले. १८७० मध्ये देशातली साधारण चौथा हिस्सा माणसं शहरात होती, १९०० मध्ये ४० टक्के, आणि १९२० ला निम्म्यांहून जास्त.

शिकागोकर

न्यूयॉर्कचं नेहमी बोललं जातं, आमच्या शिकागोचं मी सांगतो. :)

१८४० मध्ये शिकागोची वस्ती ४,४७० होती. एखाद्या मोठ्या गावाएवढी. १८८० मध्ये पाच लाख, १८९० मध्ये अकरा लाख. मध्ये १८७१ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळून खाक झाला, तरीही हे आकडे! १८९० मध्ये शहरातली १०० पैकी ४१ माणसं परदेशात जन्मलेली होती. त्यांची इथे जन्मलेली मुलं धरली तर तीन-चतुर्थांशांच्या वर आकडा जातो.

शहराचं मुख्य दुखणं पाणी आणि सांडपाणी. जमीन मिशिगन सरोवराच्या पातळीला, सपाट, दलदलीची. गटारं टाकायला उतारच नाही. म्हणून १८५० च्या दशकात रस्तेच भर घालून वर उचलायला घेतले आणि विटांच्या मोठमोठ्या इमारती स्क्रू-जॅक लावून, शेकडो माणसांनी एका इशाऱ्यावर फिरवून, वर घेतल्या. पण गटारं जायची नदीत, नदी सरोवरात, आणि प्यायचं पाणी त्याच सरोवरातून. १८६५ मध्ये सुरू झालेल्या युनियन स्टॉक यार्ड्समधल्या कत्तलखान्यांची घाणही नदीच्या एका फाट्यात जायची. त्या फाट्याला बबली क्रीक म्हणतात, कारण तळाशी कुजणाऱ्या मासामुळे पाण्यावर बुडबुडे यायचे. टायफॉइडने माणसं जायची. शेवटी २८ मैलांचा कालवा खणून जानेवारी १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. आता घाण सरोवराऐवजी मिसिसिपीकडे. खालच्या अंगाच्या मिझुरी राज्याने दावा लावला आणि १९०६ मध्ये तो हरला.

हॉल्स्टेड स्ट्रीटवर हल हाउस आहे, इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो. जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ मध्ये स्थलांतरितांच्या वस्तीत मध्यभागी घर घेऊन ते सुरू केलं. बालवाडी, इंग्रजीचे वर्ग, वाचनालय, स्नानगृहं. १८९५ मध्ये जेन ॲडम्स त्या वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक झाल्या. सकाळी सहाला उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे जायच्या. एका अरुंद गल्लीतला कचरा उपसल्यावर दीड फुटाखाली फरसबंद रस्ता सापडला! त्या गल्लीत जन्मलेल्या पोरांनी आपल्या दारातला रस्ता कधी पाहिलेलाच नव्हता. पुढे १९३१ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, पण मला त्या गल्लीतल्या जेन ॲडम्स जास्त मोठ्या वाटतात.

खडीसाखर

लेख चांगला आहे, पण एकाच बाजूने झुकलाय असं वाटतं. या शहरांचं राजकारण कोणाच्या मतांवर नासलं? न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचा पुढारी ट्वीड आठवा. एक कोर्टाची इमारत बांधताना कोटभर डॉलरच्या वर उडवले आणि त्यातले बरेचसे खिशात गेले. आयरिश मतपेढी मागे होती म्हणूनच ना? स्वच्छ कारभार हवा म्हणणाऱ्या जुन्या रहिवाशांचा राग मला समजू शकतो.

रोहिणी_नक्षत्र

खडीसाखर, ट्वीडने लुटलं यात दुमत नाहीच. पण ट्वीड स्वतः न्यूयॉर्कमध्येच जन्मलेला, प्रोटेस्टंट घरातला. आणि व्यंगचित्रं काढून त्याला जेरीला आणणारा थॉमस नास्ट लहानपणी जर्मनीहून आलेला. ट्वीड १८७५ मध्ये कैदेतून पळाला आणि पुढच्या वर्षी स्पेनमध्ये पकडला गेला, तोही नास्टच्या चित्रावरून ओळखला गेला म्हणून. तेव्हा कोण बाहेरचा आणि कोण घरचा यावर भ्रष्टाचार ठरत नाही. (हेही सांगायला हवं की आयरिश कॅथलिकांबद्दल नास्टचीच चित्रं अतिशय विखारी आहेत.)

आयरिश माणूस टॅमनीला मत का देत होता ते त्याच्या घरात उभं राहून बघा. थंडीत कोळसा संपला, पोरगा पोलिसांनी धरला, नवऱ्याचं काम सुटलं, तर दार कोणाचं वाजवायचं? सरकारी मदत नावाची गोष्ट नव्हती. वॉर्डातला टॅमनीचा माणूस कोळसा पाठवायचा, काम लावायचा, मयताला यायचा. त्या बदल्यात एक मत. सुधारक भाषण देऊन जायचे. मी त्या घरात असते तर मीही कोळसा पाठवणाऱ्यालाच मत दिलं असतं.

खडीसाखर

मयताला येणारा माणूस हा मुद्दा मान्य. ट्वीडच्या जन्माचं माहीत नव्हतं, धन्यवाद. तरीही पैसा गेला तो त्याच गरिबांच्या शाळा-गटारांचा, हे माझं म्हणणं कायम.

रोहिणी_नक्षत्र

त्याला माझीही शंभर टक्के सहमती.

दप्तरदार

मी वकिली करतो, म्हणून कोर्टाची बाजू. टेनेमेंटमध्ये घरोघर विड्या, म्हणजे सिगार वळण्याचं काम चालायचं, त्यात बोहेमियन, म्हणजे झेक, कुटुंबं बरीच. झोपायच्या खोलीत तंबाखू वाळत घातलेला, पोरंही त्यातच. १८८४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने घरात सिगार करायला बंदी केली. १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने ती रद्द केली, कारण काय, तर माणसाला आपल्या घरात काम करण्याचं स्वातंत्र्य आहे. घर मालकाचं, तंबाखू मालकाचा, आणि स्वातंत्र्य तेवढं मजुराचं. हा निकाल वाचून मला आजही त्रास होतो. सिगार कामगारांच्या संघटनेत तेव्हा सॅम्युएल गॉम्पर्स होते, लंडनहून लहानपणी आलेले डच ज्यू कुटुंबातले. देशपातळीवरच्या कामगार महासंघाचे पहिले अध्यक्ष तेच झाले.

१९०१ च्या कायद्याविरुद्धही घरमालक कोर्टात गेले होते. अंगणातले सामाईक संडास काढून आत संडास बांधायचा खर्च नको होता. १९०६ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टात मालक हरले. वीस वर्षांत कोर्टाचा दृष्टिकोन इतका बदलला, त्यात मधल्या काळातल्या फोटोंचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. जेकब रीस हा डेन्मार्कहून १८७० मध्ये आलेला माणूस. पोलिसांच्या निवाऱ्यात रात्री काढलेला, नंतर बातमीदार झाला. मॅग्नेशियमच्या फ्लॅश पावडरीने त्याने अंधाऱ्या खोल्यांचे फोटो काढले आणि १८९० मध्ये पुस्तक छापलं. त्याच्या लेखनात ज्यू, इटालियन आणि चिनी लोकांबद्दल वाईट शेरे आहेत, ते वाचवत नाहीत. पण फोटोंनी काम केलं.

अनुजा१२

चिनी लोकांचा विषय निघालाच आहे तर: युरोपातून लाखो येत होते त्याच काळात, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला आणि तो १९४३ पर्यंत टिकला. दार सगळ्यांना उघडं होतं असं समजू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

अवांतर: घोडे राहिले की! १८८० मध्ये एकट्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून सुमारे १५,००० मेलेले घोडे उचलले गेले. शेणाचा तर हिशोबच नको. १८९५ मध्ये कर्नल जॉर्ज वॉरिंग सफाई खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी झाडूवाल्यांना पांढरेशुभ्र गणवेश दिले. सफाई करणारा माणूस डॉक्टरसारखा दिसला पाहिजे, लोकांनी त्याला मान दिला पाहिजे, हा विचार. तीन वर्षांत रस्त्यांचं रूप पालटलं. झाडूवाल्यांची रस्त्यातून मिरवणूक काढली होती त्यांनी! मला हे वाचताना खरंच भरून आलं.

जुनी_वही

किती शिकायला मिळालं या धाग्यावर. पाऊलवाट, बाबांचं सांगितलंत, आईंना काय वाटलं तिथे? आणि तिथे राहिलेल्या एखाद्या बाईची गोष्ट कळली का?

पाऊलवाट

कळली, आणि ती आईमुळेच नीट ऐकली.

म्युझियमने नताली गुम्पर्ट्झ या बाईचं बिऱ्हाड मांडून ठेवलंय. प्रशियाहून आलेली जर्मन ज्यू बाई. १८७३ मध्ये बँका बुडाल्या, कामं गेली. १८७४ च्या ऑक्टोबरात एक दिवस नवरा ज्युलियस कामाला म्हणून घरातून निघाला तो परत आलाच नाही. पदरात तीन मुली आणि तान्हा मुलगा. तो मुलगाही पुढे वारला. नतालीने बाहेरच्या खोलीत, त्या दोन खिडक्यांच्या उजेडात, बायकांचे कपडे शिवायला सुरुवात केली. जवळजवळ दहा वर्षांनी ज्युलियसच्या वडिलांकडून ६०० डॉलरचा वारसा आला. तो मिळण्यासाठी तिला कोर्टात नवरा मेला असं जाहीर करून घ्यावं लागलं. त्या पैशावर ती मुलींना घेऊन शहराच्या वरच्या भागात, यॉर्कव्हिलला राहायला गेली.

आई त्या शिलाईच्या टेबलाशी बराच वेळ उभी होती. मग तिने गाईडला विचारायला लावलं, पाणी कुठून आणायच्या? त्या काळी मागच्या अंगणातून, असं उत्तर आलं. आम्ही परत निघालो तेव्हा आई कठडा धरून एकेक पायरी मोजत उतरली. खाली आल्यावर मला म्हणाली, "शिवायला बसली की बाईला उठवत नाही, उजेड जातो. म्हणजे बादल्या त्या पोरींनीच आणल्या असणार."